अज्ञात वनस्पती, नग एक

पत्रूजी वालदे सेवानिवृत्त झाले, त्या दिवशी साहेबांनी भाषणात त्यांचं भरभरून कौतुक केलं. "वालदेबाबूंविरुद्ध चौतीस वर्षांत एकही तक्रार आली नाही," साहेब म्हणाले, "कारण चौतीस वर्षांत त्यांनी एकही मत दिलं नाही!" सगळे हसले. टाळ्या पडल्या. पत्रूजीही हसले आणि शाल अंगावर घेऊन सायकलीने घराकडे निघाले. अर्ध्या वाटेवर त्यांच्या लक्षात आलं की हे कौतुक नव्हतं.

साहेबांचं चुकलं होतं असं मात्र म्हणता येत नव्हतं. पत्रूजींच्या हातून गेलेल्या प्रत्येक फाइलीवर एकच वाक्य असे : 'योग्य त्या आदेशार्थ सादर.' घरीही तेच. गिरजाबाईने विचारलं, "भाजीत मीठ बराबर आहे का जी?" तर पत्रूजी घास घोळवत म्हणत, "तसं ठीकच वाटते. तरी तू एकदा पाहून घे." लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, आणि मिठाबाबतचा हा प्रस्ताव अजून विचाराधीन होता.

तर अशा माणसाला म्हातारपणी एक इच्छा झाली. एकदा, मरायच्या आधी एकदाच, एखाद्या गोष्टीबद्दल आपलं स्वतःचं मत असावं, आणि ते बरोबर निघावं. गोष्ट कोणतीही चालेल. ती मोरीच्या कडेला उगवेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

गडचिरोली जिल्हा होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. कचेऱ्या नव्या होत्या, पाट्या नव्या होत्या, आणि घरोघरी मोरीच्या कडेला भाज्या मात्र जुन्याच होत्या. बायनाबाई टोपलीतून घोळ आणि चिवळ विकायला आणी. गिरजाबाई दोन्ही भाज्या निवडून मुळं आणि देठ मोरीजवळ टाकून देई. या भाज्यांची जातच अशी निगरगट्ट, की टाकलेलं देठही रुजतं. मोरीजवळ एक गुबगुबीत, लालसर दांड्यांचा झुबका तयार झाला होता. गिरजाबाई त्यावर खरकटं पाणी ओती आणि तो आनंदाने वाढे.

निरोप समारंभात सहकाऱ्यांनी पत्रूजींना एक भिंग दिलं होतं. जुने दस्तऐवज वाचायला बरं, म्हणून. आता दस्तऐवज कुठे होते? पत्रूजींनी आधी भिंगातून पंचांग वाचलं, मग औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, मग मुंग्या. शेवटी ते मोरीजवळ उकिडवे बसले आणि झुबक्याकडे वळले.

आणि दचकले. पानाच्या बगलेत पांढरे केस होते!

आता घोळीच्या भाजीला केस असतात का, हा प्रश्न तुम्हा-आम्हाला पडणार नाही. पत्रूजींना पडला, कारण ते वाचणारे होते. लच्छूच्या किराणा दुकानातून मिरची ज्या कागदात येई, तो कागदही ते सरळ करून वाचत. त्यात एकदा जुन्या वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकाची पानं आली, ती त्यांनी जपून ठेवली होती. पान एकशे अकरा ते एकशे अठरा. त्यात घोळीच्या कुळाची हकिगत होती. एकशे अठराव्या पानावर तळाशी लिहिलं होतं : पाने समोरासमोर, सांध्यांवर पांढऱ्या केसांचा झुपका, पाकळ्या चार, तर ती चिवळ. पाने एकाआड एक, सांधे बिनकेसाळ, पाकळ्या पाच, तर ती घोळ. यांपैकी कोणतेही वर्णन पूर्णपणे लागू पडत नसल्यास पुढील पान पाहावे.

पुढील पान नव्हतं.

पत्रूजी भिंग घेऊन आठ दिवस मोरीजवळ बसले. भिंग चांगलं होतं. त्यातून एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढी जागा दिसे, पण ती नारळाएवढी दिसे. त्यांनी वहीत टिपलं : पाने मोठी व चपटी, काही ठिकाणी बारीक व टोकदार. काही एकाआड एक, काही समोरासमोर. केस कुठे भरपूर, कुठे मुळीच नाहीत. फूल पिवळे, पाकळ्या कधी चार, कधी पाच.

हे झाड त्यांना स्वभावाने आपल्यासारखंच वाटलं. कशाबद्दलच ठाम नाही. आणि मग त्यांच्या छातीत धडधडलं. वर्णन घोळीला पूर्ण लागू पडत नव्हतं, चिवळीलाही पडत नव्हतं. म्हणजे हे झाड एकशे एकोणिसाव्या पानावरचं होतं! किंवा, आणि हे मनात यायलाही त्यांना भीती वाटली, ते कुठल्याच पानावर नव्हतं.

ते लच्छूकडे गेले. "लच्छूभाऊ, एकशे एकोणीस नंबरचं पान पाह्यजे होतं."

"कायचं पान? खायचं?"

"पुस्तकाचं. मागच्या महिन्यात मिरची देल्ली होती, त्याच्या पुढचं."

लच्छूने वर पाहत आठवल्यासारखं केलं. "त्याच्या पुढची हळद होती जी. हळद गेली बंगाली कॅम्पात."

मग त्यांनी झाडाचं चित्र काढलं. जिथे जे दिसलं ते सगळं घातलं : मोठी पानं, बारीक पानं, केस, चार पाकळ्यांचं फूल, पाच पाकळ्यांचं फूल. दुसऱ्या दिवशी बायनाबाई आली तेव्हा त्यांनी घसा खाकरून ते तिच्यापुढे धरलं. बायनाबाईचं सारं आयुष्य भाजी खुडण्यात गेलं होतं. तिने चित्र जवळ धरलं, लांब धरलं, उलटं धरलं.

"असं झाड म्या जन्मात पाह्यलं नाई बाबू," ती म्हणाली.

खरं म्हणजे तिने विचारलं असतं, 'झाड कुठी आहे?' तर ते तिच्या पाठीमागे दोन हातांवर होतं. तिने विचारलं नाही. पत्रूजींनी सांगितलं नाही, कारण बायकांना मोरीकडे चला म्हणणं त्यांना बरं दिसेना. बायनाबाईने पाहिलं नाही म्हणजे जगात कुणी पाहिलं नाही, असं मनाशी ठरवून त्यांनी चंद्रपूरच्या एका कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. पत्राची सवयच तशी : 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की...' उपरोक्त असा विषय नव्हताच, पण त्याशिवाय पत्रूजींचं पेन चालत नसे.

प्राध्यापकांचं पोस्टकार्ड आलं. 'नमुना मुळासकट, फूल व फळासह दाबून वाळवून घेऊन यावे.'

इथे शेजारच्या पोचूभाऊंचा कथेत प्रवेश होतो. ते टाळता आलं असतं तर बरं झालं असतं. पोचूभाऊ एस. टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर लोकांना 'पुढं चला, पुढं चला' म्हटल्यामुळे निवृत्तीनंतरही ते लोकांना पुढे ढकलत.

"दाबाले काय लागते? वजन," पोचूभाऊ म्हणाले. झुबक्यातली एक मोठी फांदी वर्तमानपत्रात ठेवून त्यावर पाटा ठेवला. पाट्यावर पोचूभाऊ बसले आणि चहा मागितला.

पंधरा दिवसांनी कागद उघडला. फांदी वाळली नव्हती. उलट तिला दोन नवी पानं आली होती, आणि एक फूल छापील मजकुरावर उमललं होतं.

"मरूनच नाई राह्यली," पोचूभाऊ म्हणाले. त्यांनी तिला उन्हात टाकलं. ती जगली. पितळी इस्त्रीत निखारे भरून वरून फिरवलं. ती चपटी झाली आणि जगली. पत्रूजींना आपण काही अघोर कृत्य करीत आहोत असं वाटू लागलं. त्यांनी प्राध्यापकांना कळवलं की नमुना सहकार्य करीत नाही. दुसरं कार्ड आलं : 'या कुळातील वनस्पती दाबूनही महिनाभर जिवंत राहतात. आधी उकळत्या पाण्यात बुडवावे.'

पत्रूजींनी एक ताजी फांदी उकळत्या पाण्यात बुडवली. पातेलं चुलीच्या कडेला ठेवलं आणि वर्तमानपत्र शोधायला माडीवर गेले. तिथे सापडलेलं वर्तमानपत्र त्यांनी आधी वाचलं. वाचणाऱ्याचं असंच होतं. खाली आले तेव्हा ताट वाढलेलं होतं. तिसऱ्या घासाला त्यांना मुगाच्या डाळीत एक चपटी बारीक टोपी दिसली. भिंग लावलं. ते बोंड होतं. घोळीचं बोंड डब्यासारखं असतं, पिकलं की वरचं झाकण अख्खं उडतं आणि आत काळे दाणे दिसतात, हे पान एकशे सोळावर होतं.

"गिरजा," ते क्षीण आवाजात म्हणाले, "चुलीजवळचा नमुना कुठी आहे?"

"कोणता नमुना? शिजवून ठेवली होती तुमी भाजी, म्या फोडणी देल्ली. छत्तीस वर्षांत पयल्यांदा सैपाकाले हात लावला, मनलं चला. मीठ बराबर आहे का?"

पत्रूजींनी जगातल्या एका अज्ञात वनस्पतीचा घास गिळला. "तसं ठीकच वाटते," ते म्हणाले.

आता मोरीजवळ एक मुख्य झुबका तेवढा उरला होता. तो त्यांनी मुळासकट, मातीसकट उपटला, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळला, दोन फळ्यांमध्ये ठेवून चड्डीच्या नाडीने बांधला, आणि जिवंत तर जिवंत, प्राध्यापकांच्या पुढ्यात नेऊन ठेवायचं ठरवलं. सोबत पोचूभाऊ निघाले. त्यांच्याकडे पास होता, आणि पासवाल्या माणसाला घरी बसवत नाही.

बस वैनगंगेचा पूल ओलांडून पुढे गेली आणि जंगल नाक्यावर थांबली. नाक्यावर श्रावण नावाचा नाकेदार होता. तो बसमध्ये चढून सागाची फळी, बांबू, डिंक, मोह असं काही आहे का ते पाही. त्याची नजर पत्रूजींच्या मांडीवरच्या फळ्यांवर गेली.

"हे सागाचं आहे का जी?"

"देवदारू. चहाच्या खोक्याचं," पत्रूजी म्हणाले.

"अन् मधात काय आहे?"

इथे कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, भाजी. पत्रूजी खरं बोलले. "वनस्पती आहे. दुर्मीळ असावी असा अंदाज आहे."

दुर्मीळ हा शब्द ऐकताच श्रावण सावध झाला. "दुर्मीळ म्हंजे वनोपज. पास कुठी आहे?"

"पास माह्याजवळ आहे," पोचूभाऊंनी एस. टी.चा पास काढला.

"तो नाई. मालाचा पास. वाहतुकीचा." श्रावणने नाडी सोडून कागद उघडला. आत झुबका होता, ताजा, टवटवीत. श्रावण हसला. "आवो बाबू, हे तं घोळ आहे! माही बायको रोज रांधते. येवढं लिवून द्या, घोळ आहे मनून, अन् जा. भाजीले पास लागत नाई."

त्याने कागद आणि पेन पुढे केलं. सगळी बस पत्रूजींकडे पाहू लागली. सुटका एका वाक्याच्या अंतरावर होती. पण ते वाक्य लिहायचं म्हणजे आयुष्यातलं पहिलं मत, जन्माला येऊन दोन महिने झाले नव्हते तोच, आपल्याच हाताने मारायचं. 'योग्य त्या आदेशार्थ सादर' असं लिहावं का, असंही क्षणभर मनात आलं.

"लिवा ना जी!" मागून एक बाई ओरडली. "माही नागभीडची गाडी चुकन!"

"घोळच तं आहे बापा! आंधळ्याले दिसते!"

पत्रूजींनी लिहिलं. श्रावणने मोठ्याने वाचलं : "ही घोळ नाही. चिवळही नाही. असे माझे मत आहे."

बसमधून जो आवाज निघाला तो इथे लिहिण्याजोगा नाही. बस निघून गेली. नाक्यावर पत्रूजी, पोचूभाऊ आणि झुबका उरले. श्रावण नाराजीने पंचनामा लिहायला बसला. त्यालाही हे नको होतं, पण आता कागदावर आलं होतं.

"मालाचं नाव काय लिवू? अज्ञात?"

"अज्ञात," पत्रूजी म्हणाले.

"नग किती?"

"एक."

"एकच ना? पक्कं?"

"एकच," पत्रूजी ठामपणे म्हणाले. इतक्या ठामपणे ते त्याआधी काहीच बोलले नव्हते.

पंच म्हणून पोचूभाऊंनी सही केली. माल जप्त झाला. माल आपल्या जागेतला आहे असा तलाठ्याचा दाखला आणला तर सुटेल, असं श्रावणने सांगितलं.

तलाठी सज्जन होता. त्याने छापील नमुना काढला. झाडाचं नाव : अज्ञात. नग : एक. पुढचा रकाना होता, 'छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर.'

"झाड चार बोटं उंच होतं," पत्रूजी म्हणाले.

"मग छातीच्या उंचीवर काय होतं?"

पत्रूजींनी विचार केला. "हवा."

"हवेचा घेर लिहिता येत नाही. रकाना रिकामाही सोडता येत नाही."

"आडवे पडा ना!" पोचूभाऊंना सुचलं. "माणूस आडवा पडला का छाती चार बोटांवर येते. मंग घ्या घेर!"

तलाठ्याने हे क्षणभर गंभीरपणे मनावर घेतलं, हीच त्या दिवसाची सगळ्यात वाईट गोष्ट. घेर घ्यायला झाड नाक्यावर होतं, आणि झाड सोडवायला घेर लागत होता. पत्रूजी घरी आले.

इकडे पोचूभाऊंनी गाव पुढे ढकललं. वालदेबाबूंनी नवं झाड शोधलं आणि सरकारने ते घाबरून जप्त केलं, असं पानठेल्यापासून एस. टी. स्टँडपर्यंत झालं. शाळेच्या हेडमास्तरांनी सत्कार ठरवला. लच्छूने मिरची बांधायच्या आधी कागद त्यांना दाखवायला सुरुवात केली. रस्त्यात लोक "जयभीम, शास्त्रीबुवा" म्हणू लागले. पत्रूजींना ते ऐकून बरं वाटे, आणि लगेच शंका येई. आपण चुकलो असलो तर? चौतीस वर्षं गप्प बसण्याचा हाच तर फायदा होता, की चुकायला जागाच नव्हती.

नाक्यावर श्रावणची झोप उडाली होती. जप्त माल जसाच्या तसा ठेवावा असा नियम होता, आणि हा माल कागदात वाढत होता. मेला तर मेमो मिळणार. त्याने फुटक्या घमेल्यात माती भरून झुबका लावला, त्यावर पत्र्याची पाटी बांधली, आणि दर सोमवारी वर कळवू लागला : 'मुद्देमाल सुस्थितीत. पाणी दिले.' तिसऱ्या सोमवारी वरून आदेश आला, 'मालाच्या ओळखीबाबत तज्ज्ञाचे मत घ्यावे.' तज्ज्ञ कोण? प्राध्यापकांना विचारलं. त्यांचं तिसरं पोस्टकार्ड आलं : 'मी परीक्षेच्या कामात आहे. गडचिरोली येथे श्री. पत्रूजी वालदे नावाचे गृहस्थ या कुळाचा बारकाईने अभ्यास करतात. त्यांचे मत घ्यावे.'

अशा रीतीने एका सकाळी श्रावण सायकलच्या कॅरिअरवर घमेलं बांधून पत्रूजींच्या अंगणात आला.

"जयभीम बाबू. तुमच्याकडून जप्त केलेल्या मालावर तुमचं मत घ्या मनून तुमच्याकडं पाठवलं आहे." त्याने कॅरिअरची दोरी सोडली. "म्या नाई केलं. वरून आलं."

स्टुलावर घमेलं ठेवलं. भोवती पोचूभाऊ, गिरजाबाई, हेडमास्तर जमले. बायनाबाई टोपली डोक्यावर घेऊन दारात आली होती, तीही थांबली. फूल उमलल्याशिवाय मत देता येत नाही, आणि हे फूल उन्हाशिवाय उमलत नाही. साडेनऊ झाले, आभाळ आलं. सगळे उभे राहिले. पत्रूजींनी भिंग पुसलं आणि खिशात ठेवलं. नुसतं बसून काय करायचं, म्हणून घमेल्याकडे पाहू लागले. उघड्या डोळ्यांनी. पहिल्यांदाच.

घमेल्यात जागा ऐसपैस होती. मोरीजवळ एकमेकांत गुंतलेलं सगळं इथे आपापल्या वाटेने सुटं झालं होतं. एक झाड मधोमध उभं होतं, जाड, लालसर, चपट्या पानांचं. दुसरं बारीक दांड्यांचं, जमिनीसरपट जाऊन घमेल्याच्या काठावरून खाली लोंबत होतं. जिथे टेकलं तिथे मूळ धरलेलं, सांध्यासांध्याला पांढरे केस.

ऊन आलं. उभ्या झाडाचं फूल उमललं. पाकळ्या पाच. काठावरचं उमललं. पाकळ्या चार.

घोळ आणि चिवळ. बायनाबाईच्या टोपलीतून गिरजाबाईच्या मोरीत, आणि मोरीतून थेट विज्ञानात.

पत्रूजींचे कान गरम झाले. त्यांनी भोवती पाहिलं. पोचूभाऊ अभिमानाने हेडमास्तरांना काही सांगत होते. श्रावण कागदावर रेघ आखत होता. कुणालाच कळलं नव्हतं. मग त्यांची नजर बायनाबाईवर गेली. तिने टोपली खाली ठेवली होती. ती घमेल्याकडे पाहत होती, मग पत्रूजींकडे, मग पुन्हा घमेल्याकडे. तिला केव्हाच कळलं होतं.

"काऊन बायनाबाई," पोचूभाऊ म्हणाले, "पाह्यलं का कधी असं झाड?"

बायनाबाईने पदर सारखा केला. "म्या काय सांगू भाऊ. बाबू पोथ्या वाचणारे. बाबू लिवतीन ते खरं."

तिने त्यांना वाट करून दिली होती. 'अज्ञात' एवढा एक शब्द लिहिला की सत्कार होता, शाल होती, आणि वर कुणी विचारलं असतं तर 'योग्य त्या आदेशार्थ सादर' होतंच. पत्रूजींनी पेन उचललं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला कधी नव्हे ते एक मत आहे. स्पष्ट आहे, पूर्ण आहे, आणि अगदी बरोबर आहे. फक्त ते आपल्याविरुद्ध आहे.

त्यांनी लिहिलं, आणि या वेळी स्वतःच मोठ्याने वाचलं : "झाडे दोन आहेत. उभी आहे ती घोळ. काठावरून लोंबते ती चिवळ. तिसरे झाड नाही. अर्जदाराची चूक झाली, असे माझे मत आहे. अर्जदार मीच."

पोचूभाऊंनी भिंग मागून घेतलं, घमेल्यावर धरलं, आणि ते पुढे कुठे ढकलावं हे न सुचून तसेच उभे राहिले. हेडमास्तर म्हणाले, "शाल आणली आहे. नारळही आणला आहे."

"मंग द्याच," बायनाबाई म्हणाली. "आपलं चुकलं मनून लिवून देणारा सरकारी माणूस म्या तरी जन्मात पाह्यला नाई."

प्रकरण तिथे संपायला हरकत नव्हती. पण दहा दिवसांनी श्रावण पुन्हा आला, घमेलं तसंच कॅरिअरवर. वरून विचारणा झाली होती : 'पंचनाम्यात माल नग एक. तज्ज्ञाच्या मतात नग दोन. एक नग कोठून वाढला याचा खुलासा करावा.'

"म्या काय सांगू बाबू?" श्रावण रडकुंडीला आला होता. "म्या फकस्त पाणी घातलं."

पत्रूजी टेबलाशी बसले. त्यांनी उपरोक्त लिहिलं नाही, सविनय लिहिलं नाही. लिहिलं : 'नग पहिल्यापासून दोनच होते. पाहणाऱ्याने एक पाहिला. नाकेदाराचा यात दोष नाही. पाणी वेळेवर दिले गेले.' खाली सही केली आणि पेन खाली ठेवलं.

आठवड्याने आदेश आला. मुद्देमाल भाजी असल्याचे सिद्ध झाल्याने तो दोन पंचांसमक्ष नष्ट करून अहवाल पाठवावा.

नष्ट करायचं काम गिरजाबाईने केलं. घोळ आणि चिवळ वेगवेगळी निवडायची की एकत्र, असं तिने विचारलं. पत्रूजी म्हणाले, एकत्र. मुगाची डाळ, लसूण, सुकी मिरची. पंच म्हणून पोचूभाऊ आणि बायनाबाई मांडी घालून बसले. श्रावणने ताटाशेजारी कागद ठेवला आणि पहिल्या घासाची वेळ टिपून घेतली.

गिरजाबाईने वाढता वाढता सवयीने विचारलं, "मीठ बराबर आहे का जी?" आणि उत्तराची वाट न पाहता ती पोचूभाऊंच्या ताटाकडे वळली.

पत्रूजींनी घास चावला. पुन्हा चावला.

"कमी आहे," ते म्हणाले.

गिरजाबाईचा हात हवेतच थांबला. तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग आत गेली, मिठाचा डबा घेऊन आली आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"छत्तीस वर्षं झाली जी," ती म्हणाली. "कमीच टाकून राह्यली होती म्या. मनलं, कवातरी सांगतीन."